मुद्रा : कागदावरची आणि चेहऱ्यावरची

मंडळी, कापूरहोळच्या या सभेत आज आपण एकाच शब्दाचा विचार करू. शब्द आहे ‘मुद्रा’. ‘त्यांची मुद्रा गंभीर होती’ असं आपण लिहितो आणि त्यांचं मन कळलं असं धरून चालतो. चेहरा मनाचा आरसा, म्हणतोच ना आपण! आमचा आक्षेप याला आहे, आणि आमच्या बाजूने साक्ष देतो तो हाच शब्द.

याची एक व्युत्पत्ती पुष्कळदा सांगतात : ‘मुद्’ म्हणजे आनंद, तो देणारी ती मुद्रा. साधनेतल्या मुद्रांना ती शोभते. पण खिन्न मुद्राही असतेच की! शब्दाचा ठाम अर्थ आहे ठसा, शिक्का. फारसीतून आलेली ‘मोहोर’ ही त्याचीच सोयरी. नाण्याला मुद्रा आणि छपाईला मुद्रण म्हणतात, तेही ठशामुळेच.

आपल्याच भोर तालुक्यातलं रांझे घ्या. तिथल्या पाटलाला बदअमलाबद्दल शिक्षा झाली, त्या २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर शिवाजी महाराजांची मुद्रा आहे. महाराजांना किती राग आला होता, हे ती सांगत नाही. हुकूम कोणाच्या अधिकाराने निघाला, एवढंच सांगते.

विशाखदत्ताचं ‘मुद्राराक्षस’ आणखी पुढे जातं. अंगठी राक्षसाची, ठसाही त्याचाच. पण तो पत्रावर उमटवून घेतो चाणक्य. मलयकेतू ठशावर विश्वास ठेवतो आणि राक्षसासारखा अमात्य गमावून बसतो.

चेहऱ्याचंही तसंच आहे, बरं का. सासरी खाली मान घालून बसलेली नवी सून, साहेबांपुढे टोपी हातात धरून उभा असलेला शेतकरी. मुद्रा त्यांची, ती उमटवणारा हात रीतीचा, धाकाचा. आपण मात्र म्हणून मोकळे होतो : ‘पोरगी शांत आहे’, ‘गडी समाधानी दिसतो’.

मग मन कळायचंच नाही का? त्यासाठी मराठीत दुसरा शब्द आहे : ‘चर्या’. ‘चर्’ म्हणजे चालणं, वागणं. ‘दिनचर्ये’त तोच आहे. चर्या खुलते, उतरते, पालटते. मुद्रा एका नजरेत दिसते. चर्या कळायला सहवास लागतो.

तेव्हा मुद्रा पाहून माणसाचा निकाल लावण्याआधी आपण विचारावं : हा ठसा उमटवला कोणी?

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.