हिरवी पट्टी आणि मुकाट मेलेला थ्रेड

मागच्या वेळी लॉक आणि डेडलॉक झालं, आज टेस्टकडे वळायचं. पण ‘टेस्ट अशी लिहा, तशी लिहा’ असं सांगत बसण्यापेक्षा आज आम्ही एका पुस्तकातल्या एकाच टेस्टवर टीका करणार आहोत. पुस्तक तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या टेबलावर असेल: ‘जावा कन्करन्सी इन प्रॅक्टिस’, २००६ सालचं. ब्रायन गोट्झ मुख्य लेखक, सोबत टिम पायर्ल्स, जोशुआ ब्लॉक, जोसेफ बोबीर, डेव्हिड होम्स आणि डग ली. जावाच्या कन्करन्सी लायब्ररीमागची बरीचशी मंडळी या एका मुखपृष्ठावर आहेत. आम्ही या पुस्तकावर वाढलो आणि ते अजूनही जवळ ठेवतो. म्हणूनच त्याच्या बाराव्या प्रकरणाबद्दल थोडं कडक बोलायचा हक्क आम्हाला आहे, असं आम्ही समजतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ, नाहीतर टीका हवेत राहील.

जेयुनिटचा जन्म १९९७ चा. केंट बेक आणि एरिक गामा झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बसले होते, तिथे दोघांनी मिळून तो लिहायला घेतला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कल्पना इतकी साधी की अजून कुणाला ती मोडावीशी वाटलेली नाही. फ्रेमवर्क तुमची टेस्ट मेथड एका ट्राय-कॅचच्या आत बोलावतं. असर्शन चुकलं की एक एरर फेकला जातो, तो वर चढत फ्रेमवर्कच्या कॅचमध्ये पडतो आणि पट्टी लाल होते. मेथड सुखरूप संपली तर हिरवी. म्हणजे जेयुनिटच्या लेखी ‘पास’ याचा अर्थ एवढाच की या मेथडमधून काहीही बाहेर फेकलं गेलं नाही.

आता टेस्टच्या आत तुम्ही नवा थ्रेड सुरू केलात आणि असर्शन त्या थ्रेडमध्ये लिहिलंत, तर काय होईल? प्रत्येक थ्रेडची स्टॅक वेगळी. एक्सेप्शन चढतं ते आपल्याच थ्रेडच्या स्टॅकवर. शेजारच्या इमारतीत पडलेला माणूस आपल्या जिन्यात सापडत नाही, तसंच. ते त्या स्टॅकच्या टोकाला पोचतं, तिथे पकडायला कोणी नसतं, मग जेव्हीएम स्टँडर्ड एररवर स्टॅक ट्रेस छापते आणि थ्रेड मरतो. मुख्य थ्रेडला याची खबरसुद्धा नसते. त्याची मेथड संपते, पट्टी हिरवी. आणि कमांड लाइनवरून जेयुनिटचा मजकुरी रनर चालवलात तर आणखी एक गंमत आहे. टेस्ट संपल्या की तो सिस्टम एक्झिट करतो, त्यामुळे मागे राहिलेला थ्रेड आपल्या चुकीपर्यंत पोचायच्या आधीच मारला जाऊ शकतो. मग तो स्टॅक ट्रेसही नाही.

हे ठाऊक असलेल्या माणसाने बारावं प्रकरण उघडावं. तिथे एक मर्यादित बफर आहे, दोन सेमाफोरवर बांधलेला. एक सेमाफोर रिकाम्या जागा मोजतो, दुसरा भरलेल्या वस्तू. बफर रिकामा असताना कोणी वस्तू मागितली तर ‘टेक’ मेथडने थांबून राहायला हवं, आणि ते तपासायला एक टेस्ट दिली आहे. रचना अशी: रिकामा बफर बनवा. एक थ्रेड सुरू करा, जो ‘टेक’ करेल. ‘टेक’ परत आलंच तर पुढच्या ओळीत ‘फेल’ बोलवा, कारण तिथे पोचणं हीच चूक. इंटरप्टेड एक्सेप्शन आलं तर ते यश, कॅच रिकामा. इकडे मुख्य थ्रेड जरा वेळ झोपतो, मग त्या थ्रेडला इंटरप्ट करतो, ठरावीक वेळेची मर्यादा घालून जॉइन करतो आणि शेवटी विचारतो: तो थ्रेड अजून जिवंत आहे का? नसेल तर पास.

ते ‘फेल’ कुठे बसलंय, लक्षात आलं का? दुसऱ्या थ्रेडमध्ये.

आम्ही आमच्या अभ्यासगटात एक प्रयोग केला, तुम्हीही घरी करा, पाच मिनिटांचं काम आहे. ‘टेक’मधली सेमाफोर घेण्याची ओळ पुसून टाका. आता हा बफर रिकामा असताना थांबत नाही, सरळ नल परत देतो. म्हणजे ज्या एका गुणासाठी टेस्ट लिहिली तोच आपण काढून घेतला. टेस्ट चालवा. काय होतं ते पायरी-पायरीने सांगतो. ‘टेक’ नल देतं. ते साध्या इंट व्हेरिएबलमध्ये ठेवलं जात असल्यामुळे अनबॉक्सिंग करताना नल पॉइंटर एक्सेप्शन उडतं. ‘फेल’ची ओळ येतच नाही, पण आली असती तरी फरक पडला नसता, कारण दोन्ही वाटांचा शेवट एकच: थ्रेड मेला. मुख्य थ्रेड झोपून उठतो, मेलेल्याला इंटरप्ट करतो, त्याचा काही परिणाम नाही. जॉइन ताबडतोब परततं. जिवंत आहे का? नाही. पास!

म्हणजे बघा, थ्रेड यशस्वी होऊन संपला किंवा तोंडावर आपटून संपला, टेस्टला दोन्ही सारखेच. ती लाल होते ती एकाच परिस्थितीत: ‘टेक’ अडकलं आणि इंटरप्ट केल्यावरही हललं नाही तर. या टेस्टला खरं नाव द्यायचं तर ‘अडकलेला टेक इंटरप्टला दाद देतो का’ असं द्यावं लागेल. तेही तपासण्यासारखं आहे, पण नावात जो दावा केलाय तो हा नाही. ब्लॉकिंग तपासणाऱ्या टेस्टमध्ये ब्लॉकिंगच तपासलं जात नाही, याला दिव्याखाली अंधार म्हणतात.

इथे कोणी म्हणेल, अहो, चूक कुणाच्या हातून होत नाही? मान्य. एखाद्या नवख्याच्या ब्लॉगवर हे सापडलं असतं तर आम्ही व्याख्यान दिलं नसतं. आमची तक्रार वेगळी आहे. या लेखकांना हा धोका ठाऊक होता, आणि त्यांनी तो त्याच भागात लिहिलाही आहे. बहुतेक टेस्ट फ्रेमवर्क कन्करन्सीला फारशी अनुकूल नसतात, मदतीच्या थ्रेडला चूक सापडली तर ती कुठल्या टेस्टची हे फ्रेमवर्कला कळत नाही, म्हणून ती खबर मुख्य थ्रेडपर्यंत वाहून न्यावी लागते, हे सगळं तिथे आहे. जेएसआर १६६ च्या गटाने आपल्या टेस्टसाठी एक मूळ क्लास केला, जो अशा चुका टिपून टेअरडाउनमध्ये जाहीर करतो, हेही आहे. आणि मग वाचकाला दिलासा दिलाय की तुम्हाला इतक्या खोलात जायची गरज पडेलच असं नाही. त्याच्या पाठोपाठ येते ती ही टेस्ट.

आमच्या मते घात त्या दिलाशाने केला. ‘इतक्या खोलात’ म्हणजे किती? जेएसआर १६६ च्या त्या क्लासची आजची आवृत्ती उघडून पाहा, सोर्स खुला आहे. बाकी पुष्कळ पसारा आहे, पण या कामाचा गाभा एक ॲटॉमिक रेफरन्स एवढाच: पहिली चूक आली की तो ती धरून ठेवतो, आणि टेअरडाउनमध्ये रेफरन्स रिकामा नसेल तर तीच चूक मुख्य थ्रेडमध्ये पुन्हा फेकली जाते. मोजून दहा-बारा ओळी. डग ली दोन्हीकडे आहेत, म्हणजे कारखान्यात वापरलं जाणारं हत्यार नीट आणि शाळेत शिकवायला दिलेलं बोथट असं झालं. आणि वाचक उचलतो ते शाळेतलं. छापलेल्या टेस्टची नक्कल होते, तिच्या आधीच्या परिच्छेदाची होत नाही.

गंमत म्हणजे सातव्या प्रकरणात हेच लेखक थ्रेडच्या अकाली मृत्यूवर फार चांगलं लिहितात. रनटाइम एक्सेप्शन हे त्याचं मुख्य कारण, जावा ५ मध्ये आलेला अनकॉट एक्सेप्शन हँडलर कसा लावायचा, आणि एक्झिक्युटरला ‘एक्झिक्युट’ने दिलेल्या कामाचं एक्सेप्शन हँडलरकडे जातं पण ‘सबमिट’ने दिलेल्याचं फ्यूचरमध्ये बंद होतं, हा भेद. हा शेवटचा मुद्दा आमच्या अंगावर आलेला आहे. एके ठिकाणी काम करत असताना दर काही मिनिटांनी चालणारं एक काम आम्ही ‘शेड्यूल ॲट फिक्स्ड रेट’ने लावलं होतं. त्या मेथडचा नियमच असा की एका फेरीत एक्सेप्शन आलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द. परत आलेलं फ्यूचर आम्ही हातातही धरलं नव्हतं, ‘गेट’ करणं दूरच. काम बंद पडलं, लॉगमध्ये एक अक्षर नाही. कळलं तेव्हा आठवडा उलटला होता, आणि टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. सातवं प्रकरण आम्ही तेव्हाही वाचलेलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

प्रकरणाचं श्रेयही द्यायला हवं. पुढची उत्पादक-ग्राहक टेस्ट आम्हाला अजूनही उत्तम वाटते. दहा-दहा थ्रेडच्या जोड्या, सगळे एका सायक्लिक बॅरियरवर थांबून एकदम सुटतात, टाकलेल्या आकड्यांची बेरीज आणि काढलेल्यांची बेरीज वेगवेगळी ठेवली जाते, आणि शेवटची तुलना मुख्य थ्रेडमध्ये होते. हे ‘मुख्य थ्रेडमध्ये’ महत्त्वाचं. तिथे एखादा उत्पादक मध्येच मेला तर बॅरियर कधीच पुरा होत नाही आणि टेस्ट लटकून राहते, कारण मुख्य थ्रेडच्या थांबण्याला वेळेची मर्यादा नाही. तो दोष आहेच. पण लटकलेली टेस्ट निदान बोंब तरी मारते, कोणीतरी येऊन विचारतो. खोटी हिरवी पट्टी कोणालाच बोलावत नाही.

मग ती पहिली टेस्ट दुरुस्त कशी करायची? आम्ही करतो ते सांगतो. थ्रेडऐवजी फ्यूचर टास्क घ्या आणि मुख्य थ्रेडमध्ये वेळेची मर्यादा घालून ‘गेट’ बोलवा. आतलं कोणतंही एक्सेप्शन एक्झिक्यूशन एक्सेप्शनच्या वेष्टनात तुमच्या हातात येतं, नल पॉइंटरसुद्धा. थ्रेडच ठेवायचा असेल तर इंटरप्टेडच्या त्या रिकाम्या कॅचमध्ये एक खूण करा आणि जॉइननंतर ती खूण आहे का ते तपासा. थ्रेड संपल्यावर त्याचं लिखाण जॉइन करणाऱ्याला दिसतं ही मेमरी मॉडेलची हमी आहे, त्यामुळे इथे साधा फील्डही चालतो. एवढ्याने आपली पुसलेली ओळ पकडली जाते. पूर्वी टेस्ट चुकीचा पुरावा शोधत होती, तोही जिथे दिसणार नाही तिथे. आता ती यशाचा पुरावा मागते.

[श्रोत्यांमधून प्रश्न: फ्रेमवर्कनेच हे का करू नये?]

करावं की. राइस विद्यापीठात मॅथियास रिकन आणि रॉबर्ट कार्टराइट यांनी कॉन्कजेयुनिट याच कारणासाठी केलं. दुसऱ्या थ्रेडमधलं न पकडलेलं एक्सेप्शन आलं, किंवा टेस्ट संपल्यावरही थ्रेड जिवंत राहिला, की टेस्ट नापास. ते सगळीकडे पसरलं नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं. इतर भाषांनी आपापले निर्णय घेतले. सी प्लस प्लसमध्ये थ्रेडमधून एक्सेप्शन सुटलं की पूर्ण प्रोग्राम बंद. गो मध्ये कुठल्याही गोरूटीनमधलं न सावरलेलं पॅनिक सगळं खाली आणतं, मात्र टेस्टचं ‘फेटल’ दुसऱ्या गोरूटीनमधून बोलवायचं नाही हा नियम तिथेही पाळावाच लागतो. डॉटनेटच्या पहिल्या आवृत्त्या थ्रेड पूलमधली एक्सेप्शन गिळून टाकत, २.० पासून ती प्रोसेस पाडू लागली. पायथनने ३.८ मध्ये थ्रेडसाठी वेगळा एक्सेप्ट हुक दिला आणि पायटेस्टने ६.२ पासून निदान इशारा द्यायला सुरुवात केली. जावाने ‘छापा आणि पुढे चला’ हाच डीफॉल्ट ठेवला.

[श्रोत्यांमधून: पण एवढ्याशा टेस्टवर एवढं बोलावं का?]

प्रश्न रास्त आहे. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. कारणं अनेक होती, झाडांना टेकलेल्या तारा होत्या, पण त्यातलं एक असं: ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी प्रणाली दुपारी २.१४ ला गप्प झाली. मागाहून सापडलेला दोष रेस कंडिशनचा होता. ती प्रणाली जावातली नव्हती आणि जेयुनिटचा तिथे काही संबंध नाही, तेव्हा आम्ही ओढूनताणून नातं जोडत नाही. पण पडद्यासमोर बसलेल्या माणसांची अवस्था डोळ्यांसमोर आणा. सूचना येत नाहीत, म्हणजे सगळं ठीक आहे, असं ते समजत होते. मोठा अंधार चारनंतर झाला, जवळजवळ दोन तासांनी.

पुढच्या वेळेसाठी काम: त्याच बफरसाठी भरलेल्या बफरमध्ये ‘पुट’ थांबतं का, याची टेस्ट लिहून आणा. सोबत मोडका बफरही आणा, ज्याच्यावर ती लाल होते. मोडका बफर नसेल तर आम्ही टेस्ट बघणार नाही.