शिडी नसलेला मनोरा

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्याच शहरात ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. आज समाजशास्त्र आणि माध्यमे असा जोडविषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला युर्गेन हाबरमासचा ‘सार्वजनिक अवकाश’ भेटतोच. ‘मूकनायक’चा पहिला अग्रलेख ‘मनोगत’ मात्र त्याला सहसा भेटतो तो जयंतीच्या व्याख्यानात, किंवा मराठी विभागाच्या ‘वैचारिक गद्या’त. म्हणजे वारसा म्हणून. सिद्धान्त म्हणून नव्हे.

तो सिद्धान्त म्हणून वाचून पाहावा. बाबासाहेब आंबेडकर त्यात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा देतात. एकेक जात हा एकेक मजला, पण मनोऱ्याला शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. हा भाग सर्वांना माहीत असतो, आणि बहुतेक वाचन इथेच थांबते. खरी गंमत पुढे आहे. मनोरा उभा करून लेखक वळतो तो मुंबई इलाख्यातल्या वर्तमानपत्रांकडे. वर्तमानपत्र म्हणजे समाजाचा आरसा, हे आपले लाडके वाक्य. पण आरसा धरायला बाहेर उभे राहावे लागते, आणि या मनोऱ्याला बाहेर नाही. पत्रही कुठल्यातरी मजल्यावरच छापले जाते.

त्याहून सूक्ष्म मुद्दा सहानुभूती असलेल्या पत्रांचा. ‘दीनमित्र’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोध पत्रिका’ अशी नावे घेऊन अग्रलेख कबूल करतो की बहिष्कृतांचे प्रश्न तिथे येतात. मग अडचण काय? जागेची. इतरांचे प्रश्न मांडून झाल्यावर यांच्या वाट्याला पुरेसे रकाने उरत नाहीत. द्वेषावर बोट ठेवणे सोपे असते (‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, ही हकीकत प्रसिद्धच आहे), सद्भावनेलाही रकान्यांची मर्यादा असते, हे सांगायला समाजशास्त्रज्ञाची नजर लागते. नॅन्सी फ्रेझर यांनी हाबरमासला उत्तर देताना वंचितांच्या स्वतंत्र सार्वजनिक अवकाशांची गरज मांडली ती १९९० मध्ये. ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असा टेंभा मिरवण्यासाठी हे सांगत नाही. फ्रेझर इतिहास आणि सिद्धान्त तपासत होत्या. इथे प्रत्यक्ष पत्र काढण्याचे कारण द्यायचे होते, आणि युक्तिवादाला धार आली ती त्या निकडीतून.

अग्रलेखातली दुसरी उपमा मला तितकीशी पटत नाही. समाज हे जहाज आहे, सहप्रवाशाला बुडवू पाहणारा स्वतःही बुडेल, असा इशारा तो इतर पत्रांना देतो. पण शिडी नसलेल्या मनोऱ्यातल्या माणसांना आपण एकाच जहाजात आहोत हे कळावे कसे? एक उपमा विश्लेषण करते, दुसरी विनवणी. आणि पहिलीनेच दुसरीचे अपयश आधी सांगून टाकले आहे. हा ताण झाकू नये. वर्गात चर्चा करावी ती यावरच.

१९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या इंग्रजी निबंधात याच लेखकाने जातीला बंदिस्त वर्ग म्हटले होते: काहींनी दार लावून घेतले, इतरांना ते लावलेले आढळले. चार वर्षांनी मराठीत ते दार मनोरा होते. परिभाषा गळते, विचार मात्र पातळ होत नाही. तेव्हा आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, आणि ‘मूकनायक’वर संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. प्राध्यापक एका जागी, पत्र दुसऱ्या जागी. आपल्या विद्यापीठांतले विभाग अजून बरेचसे तसेच बसलेले आहेत.

१९९६ मध्ये बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला. त्यांना एकही सापडला नाही, आणि तसे त्यांनी ‘पायोनियर’मध्ये लिहिले. तो लेख आणि ‘मनोगत’ एकाच तासाला वाचायला द्यावेत, हाबरमासच्या आधी.