दळणारीला कुणी विचारले?

मंडईत बोलणाऱ्यांना तोटा नाही. १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या इमारतीच्या आठ बाजूंना भाजीबरोबर वाक्येही विकली जातात. बाहेर टिळकांच्या पुतळ्यापाशी पुण्याने इतकी भाषणे ऐकली की त्या जागेला लोक ‘मंडई विद्यापीठ’ म्हणू लागले. या दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू घ्यायला मी तेथे गेलो होतो. तेथे लिंबामिरच्यांची पाटी घेऊन बसणारी एक अंध बाई माझ्या ओळखीची आहे. एका गिऱ्हाइकाने वीस रुपयांची लिंबे घेतली, तिच्या हातात नोट ठेवली आणि म्हटले, “शंभराची आहे, ऐंशी परत दे.” नोट वीसची होती.

माझ्यातला परोपकारी पुणेकर तत्काळ जागा झाला. “आंधळ्या बाईला फसवता?” म्हणून मी गरजलो. घटकेत माणसे जमली. गिऱ्हाईक म्हणाले, चुकून झाले. मी म्हणालो, मुळीच नाही. कुणी पोलिसांचे नाव काढले. एक हमाल सुस्कारा टाकून म्हणाला, “आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!” पाच मिनिटे वाद रंगला. अखेर ती बाईच ओरडली, “दादा, तुम्ही जरा गप बसाल का? फसवलं मला, अन् भांडताय तुम्ही!”

मी ओशाळलो. घरी आल्यावरही ती म्हण मात्र डोक्यातून जाईना.

म्हणीत पात्रे दोनच दिसतात, पण तिसरे एक आहे: बघणारा. त्याला आंधळेही दिसते आणि कुत्रेही. तो कुत्र्याला ‘हाड’ म्हणत नाही, म्हण करतो. आणि दळणारीला एका शब्दाने विचारत नाही की बाई, पीठ कमी भरतेय असे तुला कधी वाटले का? बोटांना पीठ कळते. तिला नक्की वाटले असणार. व्याकरणही पाहण्यासारखे आहे. ‘आंधळी’ नव्हे, ‘आंधळं’. पांगळं, मुकं, वेडं, सारी नपुंसकलिंगात. आणि कुत्रंही त्याच लिंगात. हे लिंग आपण मायेनेही वापरतो, लेकराला वापरतो, हे मला मान्य आहे. पण लेकराची तक्रार तरी घरात कोण ऐकून घेतो?

आपले साहित्य या बघणाऱ्याच्या जागेवरून फारसे हललेले नाही, असे मला वाटते. जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ हे नाटक मी मोठे मानतो. मतिमंद मुलगा असलेल्या नोकरदार नवराबायकोची कोंडी इतक्या निर्दयपणे आणि तरी इतक्या कळवळ्याने मराठी रंगभूमीवर क्वचितच आली असेल. पण प्रेक्षक रडतो तो आईबापांसाठी. मुलगा हा त्यांच्या दुःखाचा विषय राहतो. त्याला स्वतःला काय सोसावे लागले, हा प्रश्न घेऊन कुणी नाट्यगृहाबाहेर पडत नाही. ‘चाकाची खुर्ची’त नसीमा हुरजूक यांनी ही जागाच बदलली. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडलेली मुलगी स्वतःच स्वतःची हकीकत सांगते, आणि तीच पुढे कोल्हापुरात अपंगांची संस्था उभी करते. तेथे दया करणाऱ्यांकडे खुर्चीच्या उंचीवरून पाहिले आहे. वाचकाला ते अवघडवते, म्हणून ते पुस्तक महत्त्वाचे. (‘अपंग’ शब्द आता सरकारी कागदांत ‘दिव्यांग’ झाला आहे. त्या नावाला अपंगांच्या काही संघटनांनीच हरकत घेतली होती. नाव बदलले, हरकत राहून गेली.)

पण ज्यांना लिहिता येत नाही, धड बोलताही येत नाही, त्यांचे काय? फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यास आरंभ झाला. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. अकरा शस्त्रक्रिया झाल्यावर स्त्री-संघटनांच्या विरोधाने ते थांबले. त्या वादाचे जे साहित्य मी वाचले, त्यात डॉक्टर बोलतात, अधिकारी बोलतात, पालक बोलतात, कार्यकर्त्या बोलतात. कार्यकर्त्यांचे म्हणणे योग्यच होते आणि त्या नसत्या तर अकरावर थांबले नसते. तरीही समीक्षक म्हणून मला खटकते ते हे की, त्या साऱ्या कागदांत मुलींचे एक वाक्यही मला भेटले नाही. ‘दुखतंय’ एवढेसुद्धा नाही.

याच्या उलट एक कागद आहे. चंडीगडच्या सरकारी आश्रयगृहात राहणाऱ्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका तरुणीवर तेथेच अत्याचार झाला आणि ती गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवे होते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीला महत्त्व देऊन तो आदेश रद्द केला. निर्णय बरा की वाईट, यावर घरोघर वाद होईल, व्हावाही. पण त्या निकालपत्रात तिची इच्छा आहे.

कायद्याची भाषा रूक्ष म्हणून आपण सोडून देतो. पण १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातच असे होते की, बोलता न येणाऱ्या साक्षीदाराने भर न्यायालयात खुणांनी किंवा लिहून दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच समजावी. आपल्या कुठल्या कवीला हे सुचले? २०१३च्या सुधारणेने लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या अपंग व्यक्तीचे म्हणणे पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षक जवळ ठेवून नोंदवावे असे ठरवले. २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही ते आहे. २०१६च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे अपंगाचा छळ होत असल्याची खबर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. म्हणजे बघणाऱ्यालाही काम दिले आहे. काम खबर देण्याचे, तिच्या वतीने बोलण्याचे नव्हे. दुभाष्याचे काम तर भाषांतरकाराचेच: वाक्य अडखळले तर थांबायचे, पदरचा शब्द घालायचा नाही. उत्तम भाषांतरकार आपल्याकडे किती आहेत, हे वाचक जाणतातच.

मंडईतली गोष्ट अर्धीच राहिली. बाई ओरडल्यावर शेजारची कोथिंबीरवाली उठली, गिऱ्हाइकाची वाट अडवून उभी राहिली आणि म्हणाली, “आता कुणी बोलायचं नाही. मावशे, तू सांग.” बाई लगेच बोलली नाही. गर्दीला तेवढी उसंत नसते, पण कोथिंबीरवाली हलेना. मग बाईने नोट बोटांवर ताणून लांबी दाखवली. “ही वीसची. शंभराची इथपर्यंत येती. अन् मागच्या सोमवारी बी हाच आवाज होता. पन्नासाची म्हणून दहाची दिली. तेव्हा बोलले नाही. म्हटलं, कोण ऐकणार?”

सोमवारचे मला कोठून ठाऊक असणार! गिऱ्हाइकाने वीसच्या नोटेवर आणखी चाळीस रुपये मुकाट्याने मोजले. गर्दी पांगल्यावर मी सहा लिंबे घेतली आणि पैसे दिले. माझी नोटही तिने बोटांवर मोजून घेतली.