पोस्टमन आणि पत्रलेखक

दिवाळी अंकात कथा-कादंबरीची समीक्षा असावी, कायद्याची कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु कायदा हेही एक लिखाणच आहे. त्यातही पात्रे असतात, आणि लेखकाने कोणाला बोलू दिले व कोणाला गप्प बसवले, हे त्याच्या शब्दांवरून कळते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. वकिलीचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. मात्र कादंबरी लिहिताना आणि वर्गात व्याकरण शिकवताना एकेका शब्दाची मजल कुठवर जाते, हे रोज दिसते. त्याच नजरेने मी 2023 सालचा दूरसंचार कायदा वाचला.

विषय तसा घरातलाच आहे. नागपूरच्या दक्षिण अंगाला असलेल्या आमच्या बेसा गावात आता उंच इमारती झाल्या आहेत. तिथल्या एखाद्या घरात एकच बारीक तार येते आणि तिच्यातूनच टेलिफोन, मुलांचा अभ्यास, मालिका, बातम्या आणि क्रिकेटचा सामना, सारे येते. ही सरमिसळ अगदीच अपूर्व नव्हे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 साली सुरू झाले, त्या काळी रेडिओ बाळगण्याचा परवाना पोस्टात काढावा लागे. कारण रेडिओसुद्धा 1885 च्या तार कायद्याच्या छत्राखाली होता. परंतु त्या व्यवस्थेत एक साधेपणा होता. संदेश वाहून नेणारे सरकार आणि रेडिओवर बोलणारेही सरकारच! आज वाहणारे अनेक आहेत आणि बोलणारे तर घरोघरी आहेत. नियम मात्र जुन्या कप्प्यांतच पडून आहेत.

एकच चित्रपट घ्या. थिएटरात दाखवायचा तर 1952 चा सिनेमॅटोग्राफ कायदा, केबलवर दाखवायचा तर 1995 चा केबल कायदा, आणि मोबाईलवर दाखवायचा तर 2021 चे नियम, ज्यांत कोणत्या वयाने काय पाहावे हे दाखवणाऱ्यानेच ठरवायचे! बातमीची गोष्ट याहून मौजेची. वर्तमानपत्राने छापलेली, वाहिनीने दाखवलेली आणि एखाद्या पोराने मोबाईलवरून गावभर पोहोचवलेली बातमी खाजगी एफएम केंद्राने मात्र स्वतः तयार करून द्यायची नाही, आकाशवाणीची बातमीपत्रे तेवढी लावायची, असा दंडक घालण्यात आला. अखेर सप्टेंबर 2023 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, या केंद्रांना तासाला दहा मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस केली.

मग सगळ्यांसाठी एकच कायदा का करू नये? तसा प्रयत्न झाला होता. तारा, लहरी आणि त्यांतून येणारा मजकूर यांवर मिळून एकच आयोग नेमणारे विधेयक 2001 साली लोकसभेत आले. 2004 साली लोकसभा विसर्जित झाली आणि त्याबरोबर तेही गेले. त्याच वर्षी जानेवारीत एका अधिसूचनेने केबल व प्रसारण ट्रायच्या कक्षेत आणले गेले. मजकूर मात्र माहिती व प्रसारण खात्याकडेच राहिला.

आता नव्या कायद्याकडे वळू. त्याची भाषा जुन्यापेक्षा नेटकी आहे, आणि खेड्यापाड्यांत सेवा पोहोचवण्यासाठी त्यात 'डिजिटल भारत निधी'ची तरतूद आहे. हे गुण मान्य केलेच पाहिजेत. परंतु 'संदेश' या शब्दाची व्याख्या पाहा. खूण, लेखन, चित्र, ध्वनी, चलत्‌चित्र, माहिती, सारे त्यात आले. म्हणजे आईने मुलाला पाठवलेली चार वाक्ये, शिक्षकाचा धडा आणि तीन तासांचा चित्रपट, कायद्याच्या लेखी सारखेच! 2022 च्या मसुद्यात प्रसारण आणि इंटरनेटवरची संदेशसेवा यांचा स्पष्ट उल्लेख होता. अंतिम कायद्यात तो गाळला; व्याख्या मात्र ऐसपैस ठेवली. कादंबरीकाराच्या भाषेत सांगायचे तर पात्राचे नाव खोडले, पण त्याला कथानकातून बाहेर काढले नाही.

या साऱ्या कायद्यात संदेश लिहिणारा कुठे भेटतो? भेटतो, पण एका आडबाजूच्या कलमात. सरकारची अधिस्वीकृती असलेल्या बातमीदाराचे प्रसिद्धीसाठी पाठवलेले संदेश, खास मनाई नसेल तर, अडवू नयेत, असे ते कलम सांगते. ही तरतूद 1885 च्या कायद्यातूनच चालत आली आहे. ज्याच्याकडे अधिस्वीकृतीचे कार्ड नाही, पण जो गावच्या पाण्याची बातमी इमानाने देतो, त्याने काय करावे? कलम त्याच्याविषयी मौन पाळते.

खरा प्रश्न पंच कोण, हा आहे. हिरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 9 फेब्रुवारी 1995 रोजी न्यायालयाने सांगितले की, लहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिचे नियमन सरकारहून स्वतंत्र अशा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावे. दुसरीकडे मालकांची बाजू पाहा. 2014 साली ट्रायने माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालण्याची शिफारस केली. ती कायद्यात उतरली नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे माध्यम-व्यवसाय स्पर्धा आयोगाच्या अटींसह एकत्र आले. देशातले सर्वात मोठे मोबाईल जाळे ज्या समूहाचे, त्याच्याच पदरात वाहिन्याही आल्या आणि आयपीएलचे सामनेही. पोस्टमनच पत्र लिहू लागला, तर इतरांची पत्रे तो तितक्याच तत्परतेने पोहोचवील काय?

तारा खुशाल एक होऊ द्या. वाहतुकीचे नियमही सर्वांना सारखे असू द्या: दर, दर्जा आणि कोणाच्याही संदेशाशी दुजाभाव न करणे. त्यासाठी ट्राय आहेच. मजकुराचा न्याय मात्र निराळ्या हाती हवा, आणि तो पंच मंत्रालयापासून जितका दूर, तितकाच मालकाच्या कचेरीपासूनही दूर असला पाहिजे. प्रस्तुत कायद्यात पोस्टमनचे चित्रण बारकाईने झाले आहे, पोस्टमास्तरांचे त्याहूनही बारकाईने. पत्रलेखकाला तेवढी जागा मिळाली नाही. पुढच्या दुरुस्तीत ती मिळावी, अशी एका वाचकाची अपेक्षा आहे.