खट्, दर मिनिट-दोन मिनिटांनी

1960च्या आसपासच्या एखाद्या शेवरोलेमध्ये किंवा मर्सिडीजमध्ये इंजिन बंद करून बसावं, काचा वर घ्याव्यात आणि कान डॅशबोर्डाकडे द्यावा. आधी बारीक टिकटिक ऐकू येते. मग मिनिटा-दोन मिनिटांत आतून एक ठसठशीत ‘खट्’, आणि पुन्हा टिकटिक. नवख्याला वाटतं, काहीतरी तुटलं. खरं तर त्या क्षणी घड्याळाने स्वतःला चावी दिलेली असते. जुन्या गाडीतल्या साऱ्या उपकरणांत मला हे घड्याळ सर्वांत प्रिय आहे. ते का, हे त्या एका आवाजाच्या मागे गेलं की कळतं.

बाहेरून पाहिलं तर हे विजेचं घड्याळ. मागे तार आहे, ती बॅटरीला जोडलेली आहे. पण तबकडी उतरवली की आत अस्सल यांत्रिक घड्याळ निघतं: डोलणारं बॅलन्स व्हील, केसासारखी हेअरस्प्रिंग, एस्केपमेंट, पितळी चाकं. वीज काटे फिरवतच नाही. काटे फिरवते एक छोटी स्प्रिंग. ती एका लहानशा दांडीला ओढत असते आणि दांडी चाकांना रेटत हळूहळू सरकत जाते. दांडीवर धातूचा एक पॉइंट असतो. सरकत सरकत तो समोरच्या पॉइंटला टेकला की मंडल पूर्ण होतं, विद्युतचुंबक जागा होतो आणि दांडीला मागे फेकतो. फेकताक्षणी पॉइंट सुटतात, वीज तुटते, आणि उरलेलं अंतर दांडी केवळ आपल्या वेगाने कापते. स्प्रिंग पुन्हा ताणलेली. हे सारं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. पुढचं मिनिटभर घड्याळाचा विजेशी काहीही संबंध नसतो.

या रचनेत कुठेही वेगळं बटण नाही. जी दांडी काटे चालवते तीच आपली ताकद संपत आली की मदत मागते, आणि मदत मिळताच ती नाकारतेही. इतक्या कमी भागांत इतकं काम करवून घेणारी बुद्धी मला फार थोड्या यंत्रांत दिसते.

याहून खोलातली एक गोष्ट आहे. 1910-20च्या दशकांत अमेरिकन गाड्यांत वॉल्थमची आठ दिवसांची घड्याळं बसवत. त्यांना चावी हाताने द्यावी लागे. आठवड्याच्या सुरुवातीला त्यांची स्प्रिंग तंग, शेवटी सैल, त्यामुळे चाकांवरचा जोर रोज थोडा बदलणार. मिनिटागणिक चावी मिळणाऱ्या घड्याळात ही अडचण जवळजवळ मिटते, कारण स्प्रिंग सैल पडायला वेळच मिळत नाही. लांब धावणारी मोठी स्प्रिंग थेट न वापरता मध्ये एक छोटी स्प्रिंग ठेवायची आणि तिला सतत नव्याने ताणत राहायचं, ही युक्ती जॉन हॅरिसनने आपल्या समुद्रावरच्या घड्याळांत वापरली होती. 1759 साली पूर्ण झालेल्या त्याच्या एच-फोर या घड्याळात अशी स्प्रिंग साडेसात सेकंदांनी ताणली जाते. डॅशबोर्डावरचं स्वस्त, कारखान्यात हजारोंनी बनलेलं घड्याळ अचूकतेत त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. उन्हाची तलखी, खड्ड्यांचे हादरे, जेमतेम दर्जाची चाकं, सगळंच त्याच्या विरुद्ध असतं. पण कल्पना त्याच कुळातली आहे, आणि एवढ्या थोर कुळातली कल्पना रोजच्या गाडीत येऊन बसली, याचं मला अप्रूप वाटतं.

1958 साली डेव्हिड ओगिल्व्हीने रोल्स-रॉइससाठी लिहिलेल्या जाहिरातीचा मथळा प्रसिद्ध आहे: ताशी साठ मैलांच्या वेगातही या गाडीत सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा. लोकांनी त्यात गाडीची शांतता वाचली. मला त्यात घड्याळही ऐकू येतं.

आता दुखणं. दोन मिनिटांनी एकदा धरलं तरी दिवसाला 720 वेळा आणि वर्षाला अडीच लाखांहून जास्त वेळा हे पॉइंट भेटतात आणि सुटतात. कॉइलमधून वाहणारी वीज एकदम तोडली की तिथे ठिणगी पडते. प्रत्येक ठिणगीबरोबर एका पॉइंटवरचा कणभर धातू दुसऱ्यावर जातो. भिंग लावून पाहिलं तर एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा दिसतो. चांगला कारागीर आधी हे पाहतो. त्या खड्ड्यात घड्याळ किती वर्षं चाललं, कसं चाललं, सगळं लिहिलेलं असतं. पॉइंट काळे पडले की वीज पोहोचत नाही आणि घड्याळ गुपचूप थांबतं. हे दुखणं सौम्य. बारीक पॉलिश पट्टीने पॉइंट साफ केले, सुकून डिंक झालेलं जुनं तेल धुतलं आणि चाकांच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढंच घड्याळाचं तेल दिलं की बहुतेक घड्याळं चालू लागतात. पॉइंटला मात्र तेल लागता कामा नये. आणि गंज सोडवायचा फवारा आत मारणाऱ्याच्या हाती हे घड्याळ देऊच नये.

गंभीर दुखणं बॅटरीतून येतं. घड्याळ इग्निशनमधून जोडलेलं नसतं, गाडी बंद असतानाही ते वीज घेतं. मुंबई-पुण्याकडे पावसाळ्यात जुन्या गाड्या महिनोन्महिने आच्छादनाखाली उभ्या राहतात आणि बॅटरी उतरत जाते. मग एक दिवस पॉइंट भेटतात, चुंबक जागा होतो, पण दांडी मागे फेकण्याएवढं बळ त्याच्यात उरलेलं नसतं. पॉइंट चिकटलेले राहतात, कॉइलमधून वीज वाहत राहते आणि कॉइल तापत जाते.

इथे जर्मन व्हीडीओ-कीन्झले घड्याळांतली एक योजना पाहून मी दर वेळी थबकतो. कॉइलजवळ धातूची एक लवचिक पट्टी वाकवून डाखाच्या एका थेंबाने अडकवलेली असते. कॉइल प्रमाणाबाहेर तापली की डाख वितळतो, पट्टी उसळून सुटते, मंडल तुटतं. घड्याळ थांबतं, पण जळत नाही. अशी अनेक घड्याळं ‘मेलेली’ म्हणून विकली जातात आणि त्यांना एका थेंबाचीच गरज असते. फक्त तो थेंब योग्य हवा. 63 टक्के कथिल आणि 37 टक्के शिसं असलेला नेहमीचा डाख 183 अंश सेल्सिअसला वितळतो. तो लावला तर घड्याळ चालेल, पण पुढच्या वेळी पट्टी सुटण्याआधी कॉइलचं आवरण जळून जाऊ शकेल. म्हणून बिस्मथ आणि कथिलाचा, 138 अंशांना वितळणारा डाख घ्यावा. त्या जागी हा डाख वापरणाऱ्याला घड्याळ समजलं आहे, असं मी मानतो.

मग प्रश्न येतो बदलाचा. अनेक जण जुनी यंत्रणा काढून तबकडीमागे क्वार्ट्झ बसवतात. सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा स्फटिक वेळ अचूक देतो, वीज नाममात्र घेतो, आणि पावसाळ्याचं भय राहत नाही. हे काम सोपंही नाही. तबकडीभोवतीचं दुमडलेलं कडं ओरखडा न उमटवता उघडायचं, जुन्या काट्यांची छिद्रं नव्या दांड्यांना जुळवायची, काचेतून बाहेर येणारी खुंटी जागेवर राखायची, बारा व्होल्टचे दीड व्होल्ट करायचे. पोर्शे 911मध्ये पाच तबकड्यांच्या ओळीत घड्याळाला स्वतःची जागा आहे. जॅग्वार ई-टाइपच्या सुरुवातीच्या गाड्यांत मात्र ते इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या तबकडीच्याच पोटात बसवलेलं आहे. तिथे एक उघडायचं म्हणजे दुसरं उघडणं आलंच. हे सारं नेटकं करणाऱ्याच्या हाताला मी मनापासून दाद देतो.

तरीही मला हा बदल पटतो तो दोनच परिस्थितींत: कॉइल जळून गेली असेल, किंवा यंत्रणाच हरवली असेल. एरवी त्यात घड्याळाचा चेहरा उरतो आणि वागणं जातं. बॅलन्स व्हीलच्या लहान लहान ठोक्यांनी जवळपास अखंड सरकणारा सेकंदकाटा सेकंदाला एक उडी मारू लागतो आणि ‘खट्’ नाहीसा होतो. शिवाय मधला मार्ग आहे, आणि तो मला सर्वांत सुंदर वाटतो. कॉइलला आडवा एक डायोड जोडला की ठिणगी जवळजवळ विझते. त्याहून पुढे जाऊन एक ट्रान्झिस्टर बसवला तर कॉइलचा भार तो उचलतो आणि पॉइंट फक्त इशारा देतात. घड्याळ तसंच चालतं, त्याचं दुखणं तेवढं जातं. एवढं मात्र पाहायचं, की 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असे; तिथे डायोड उलटा बसवावा लागतो. आणि क्वार्ट्झ बसवलाच, तर जुनी यंत्रणा एकूणएक स्क्रूंसकट डबीत घालून गाडीबरोबर ठेवावी. पुढच्या मालकाला परत फिरता आलं पाहिजे.

त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्यांतल्या बोर्ग घड्याळांत आणखी एक गुण आहे, जो क्वार्ट्झने जातो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्यांची वेळ जुळवण्याची खुंटी आतल्या नियामकाशी जोडलेली असते. घड्याळ पुढे गेलं म्हणून काटे मागे घेतले की त्याची चाल किंचित मंद होते, काटे पुढे ढकलले की किंचित जलद. मालकाची प्रत्येक दुरुस्ती घड्याळ लक्षात ठेवतं. म्हणून असं घड्याळ दुरुस्त होऊन परत मिळालं, की ते पहिल्याच दिवशी बिनचूक चालेल अशी अपेक्षा धरू नये. पहिले काही आठवडे रोज ठरावीक वेळी ते खात्रीच्या वेळेशी ताडून पाहावं, फरक असेल तेवढाच खुंटीने काढावा आणि मध्ये उगाच हात लावू नये. फरक दिवसेंदिवस कमी होत जातो. गाडी दुसऱ्या कुणी चालवली असेल, तर त्याने काटे फिरवले होते का, एवढं मात्र विचारून घ्यावं.