चौतीस नंबरची वहिनी

नाटकाचं परीक्षण करतात, सिनेमाचं करतात, हल्ली मिसळीचंही करतात. मी एका यंत्राचं करणार आहे. आमच्या बँकेच्या कर्मचारी वाद्यवृंदाने सेकंडहँड घेतलेलं हे यंत्र गाणाऱ्याच्या आवाजाला घुमारा देतं. आम्ही त्याला नुसतंच ‘इको’ म्हणतो. कंपनीचं नाव सांगत नाही. खरा दोषी कोण, ते शेवटी कळेलच.

ह्या जातीच्या यंत्रांत आवाजाच्या तयार मांडण्या भरलेल्या असतात. त्यांना प्रीसेट म्हणतात. १९८० च्या दशकात यामाहाचं एसपीएक्स ९० नावाचं यंत्र जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसलं. त्यात ९० जागा. पहिल्या ३० कंपनीने भरलेल्या, त्या पुसता येत नाहीत. उरलेल्या ६० आपल्या. म्हणजे एक तृतीयांश वडिलोपार्जित, दोन तृतीयांश स्वकष्टार्जित. वाटणी मला पटली. आमचं यंत्रही त्याच वळणाचं.

पहिली तक्रार नावांची. हॉल, रूम, प्लेट, गेट... यादी वाचून मला फ्लॅटच्या जाहिरातीची आठवण झाली. ‘प्लेट’ म्हणजे तालमीनंतरची बटाटेवड्याची, असं आमच्या तबलजींनी परस्पर गृहीत धरलं. चौकशीअंती कळलं, की ती पोलादी पत्र्याची! १९५७ साली जर्मनीत ईएमटी १४० नावाचं उपकरण निघालं. चौकटीत टांगलेला दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पत्रा. गाणं त्याच्यावर सोडायचं, तो थरथरायचा, आणि ती थरथर उचलून परत गाण्यात मिसळायची. तो अख्खा पत्रा आता आकड्यांत विरघळून एका बटणामागे बसला आहे. कौतुक आहे. पण ‘सभागृह, पंखे चालू, मागे मूल रडतंय’ असा प्रीसेट यादीत एकही नाही, आणि आम्ही नेमके तिथेच गातो.

दुसरी तक्रार अशी, की कंपनीचे प्रीसेट गिऱ्हाइकाला दुकानातच गार करण्यासाठी केलेले वाटतात. सगळंच जास्त. ‘हॉल’ लावून मी ‘नमस्कार मंडळी’ म्हटलं, तर मी खुर्चीवर येऊन बसलो तरी ‘डळी’ स्टेजवरच फिरत होतं.

हे सगळं ताळ्यावर आणलं आमच्या साउंडवाल्या काकांनी. घुमारा किती वेळ टिकावा, शब्दानंतर किती उशिरा सुरू व्हावा आणि मूळ आवाजात किती मिसळावा, ही तीन कलमं ते बोटाच्या टोकाने हलवायचे. आमच्या सौ.चा आवाज गोड, पण वरच्या पट्टीत किंचित कापतो. काकांनी तासभर खपून एक मांडणी केली, ३४ नंबरवर जतन केली आणि तिचं नाव ठेवलं ‘वहिनी’. त्या वर्षी सौ.ला पहिल्यांदा वन्समोअर मिळाला. पुढे काकांना एका कानाने ऐकू येईनासं झालं आणि त्यांनी काम सोडलं. ३४ नंबर मागे राहिला.

आता तिसरी तक्रार. आमच्या बँकेत शंभर रुपयांची नोंदसुद्धा एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासायची असते. जुन्या लेजरांत आकडा चुकला तर आडवी रेघ मारून सही करत. रेघेखालचा आकडा वाचता आलाच पाहिजे, असा दंडक. ह्या यंत्रात ‘स्टोअर’ दाबलं की नवं वर बसतं आणि जुनं नाहीसं होतं. ना रेघ, ना सही, ना ‘नक्की ना?’

गेल्या महिन्यात माझ्या स्वतःच्या आवाजासाठी (हसू नका) मी एक मांडणी केली आणि मोठ्या समाधानाने ‘स्टोअर’ दाबलं. पडद्यावर ३४ होतं. चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून यंत्राला कुलूपही दिलेलं असतं. ते अर्ध्या तासापूर्वी मीच उघडलं होतं.

दोन दिवस मी ‘वहिनी’ शोधत होतो. सौ. प्रत्येक वेळी ऐकून म्हणायची, ‘नाही हो, ही दुसरीच कोणीतरी.’ शेवटी काकांच्या घरी गेलो आणि चांगल्या कानाच्या बाजूला बसून गुन्हा कबूल केला.

काका हसले. ‘अहो साहेब, ते तर मी दर कार्यक्रमाला बदलत होतो! रिकामा हॉल घुमतो. लोक येऊन बसले, की आवाज पितात. दुपारच्या तालमीतलं सेटिंग रात्री कसं चालेल? ३४ वरून फक्त सुरुवात करायची.’

म्हणजे जे पुसलं म्हणून मी दोन रात्री झोपलो नाही, ते यंत्रात पुरतं कधी नव्हतंच. यंत्राने आकडे जपले होते. हॉल किती भरलाय हे बघणारा माणूस शेवटच्या रांगेत उभा असायचा.

परवाच्या कार्यक्रमाला काकांना रिक्षाने आणलं. ते मागे बसून हाताने ‘कमी, अजून कमी’ करत राहिले आणि मी कलमं हलवत राहिलो. वन्समोअर मिळाला नाही, पण सौ. म्हणाली, ‘हीच ती.’

३४ नंबर पुन्हा भरला आहे. आकडे वहीतही उतरवले. नोंद माझी, तपासणी काकांची. सहीखाली त्यांनी शेरा मारला आहे : ‘हॉल बघून बदलणे.’