लकी अलीची गिटार आणि शायराचे नाव

लकी अली गिटारवादक म्हणून किती मोठा, हा वाद ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात अजून मिटलेला नाही. १९९६ साली ‘सुनो’ची कॅसेट आली तेव्हा राबोडीत, मुंब्र्यात, कल्याणच्या दूधनाक्यावर ज्यांना मिसरूड फुटत होते, ते आज मुलांच्या फिया भरतात, पण लोकलमध्ये कुणाच्या खांद्यावर गिटारची पिशवी दिसली की विषय निघतोच. डोंबिवलीच्या गिटार-क्लासातली पोरेही त्यात हिरिरीने उतरतात, कारण सुरुवातीला हाताखालून जाणाऱ्या गाण्यांत ‘ओ सनम’ हमखास असते.

वादात दोन तट आहेत. एक तट त्याला थोर वादक मानतो आणि पुराव्यादाखल २०२०च्या डिसेंबरात गोव्यात हरमलला त्याने गिटार घेऊन गायलेल्या ‘ओ सनम’ची चित्रफीत पुढे करतो. स्टुडिओची कसलीही सजावट नसताना, चोवीस वर्षांनंतर, थकलेल्या आवाजात गायलेले हे गाणे लाखो लोकांनी पाहिले. दुसरा तट म्हणतो, कॅसेटवरची सगळी करामत मायकी मॅक्लियरीची. लकी अली चार कॉर्ड्स धरतो, बस्स.

मॅक्लियरीचा वाटा मोठा होता, हे कुणी नाकारू नये. भारतात जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या या संगीतकाराने ‘सुनो’च्या गाण्यांना जी मोकळी, हवेशीर मांडणी दिली तिच्यामुळे ती गाणी त्या काळच्या ढोलकी आणि सिंथेसायझरच्या गदारोळात वेगळी उठून दिसली. पण दोन्ही तट एकाच मापाने मोजतात, असे आम्हांला वाटते. दोघांच्याही डोक्यात वादक म्हणजे तारांवर बोटे सरसर पळवणारा इसम. त्या मापाने लकी अली मोठा वादक नाहीच, आणि तसा दावा करून चाहते त्याचे नुकसानच करतात.

त्याचा आवाज नीट ऐकावा. तो गाणाऱ्याचा कमी आणि बोलणाऱ्याचा जास्त आहे. शब्द ठेक्याच्या किंचित मागे राहतो, ओळीच्या शेवटी सूर ताणण्याऐवजी श्वास सुटतो. अशा आवाजाशेजारी बडबडे वाद्य बसवले तर गाण्याचा जीव जाईल. मुशायऱ्यात तहत पढणारा शायर पहिला मिसरा सोडून क्षणभर थांबतो आणि त्या थांब्यात दाद येते. लकी अलीच्या गाण्यात त्या थांब्याच्या जागी गिटार येते. ती येते, जागा राखते आणि पुढच्या शब्दाला वाट देऊन मागे सरते. हे काम सोपे दिसते म्हणून क्लासातली पोरे पंधरा दिवसांत ‘ओ सनम’ वाजवू लागतात आणि गायला लागली की घाईने शब्दांवर आदळतात. कॉर्ड्स बरोबर असतात. थांबणे जमत नाही.

प्रभावांच्या बाबतीत तर आमचे चाहते थेट विमानतळ गाठतात. कुणी बॉब डिलन म्हणतो, कुणी कॅट स्टीव्हन्स. कॅट स्टीव्हन्सचे नाव आमच्या मोहल्ल्यात जास्त जोराने घेतले जाते, त्याचे कारण उघड आहे. १९७७ साली त्याने इस्लाम स्वीकारला, युसुफ इस्लाम झाला, पुढे गिटारी विकून टाकल्या आणि २००६ साली पुन्हा पॉप गाण्यांचा अल्बम काढला. ही हकिगत मोठी दिलचस्प आहे, पण तिचा लकी अलीच्या सुरांशी काय संबंध? ही तुलना कानाने केलेली नाही, नावाने केलेली आहे. कुणी ‘सूफी’ असा शिक्का मारतो तेव्हाही तेच. दाढी, पिशवी आणि प्रवासाची गाणी एवढ्यावर माणूस सूफी ठरू लागला तर कल्याण स्थानकावर रोज शंभर सूफी उतरतात.

घरात मात्र कुणी डोकावत नाही. लकी अलीचे वालिद मेहमूद. लोक त्यांना विनोदी नट म्हणून ओळखतात. पण राहुल देव बर्मन यांना संगीतकार म्हणून पहिला चित्रपट, ‘छोटे नवाब’, मेहमूद यांनीच १९६१ साली दिला. त्याच पंचमदांच्या वाद्यवृंदात गिटारला हिंदी चित्रपटात स्वतःची बोली मिळाली. १९७१च्या ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची, आणि हेच भूपिंदर पुढे गझल गायला बसले तेव्हा गिटार त्यांच्यासोबत गझलेत आली. भारदस्त, अर्धवट बोलका आवाज आणि त्याला धरून चालणारी हलकी गिटार हा मेळ आपल्याकडे ‘सुनो’च्या आधीपासून होता. लकी अलीने तो मुद्दाम उचलला असे आमचे म्हणणे नाही. पण १९५८ साली जन्मलेला, अशा घरात वाढलेला मुलगा आधी काय ऐकत असेल, याचा विचार व्हायला हवा. आणि गिटार तरी कुठे इतकी परकी आहे? तिच्या कुळातल्या ‘ल्यूट’ या वाद्याचे नाव अरबी ‘अल-ऊद’वरून आले.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट आम्हांला सर्वांत जास्त खटकते. चाहते लकी अलीला ‘स्वतःची गाणी लिहिणारा गायक’ म्हणतात. ‘ओ सनम’चे शब्द मात्र सय्यद असलम नूर यांचे आहेत. कोणत्या जागी कोणती कॉर्ड यावर रात्र जागवणाऱ्या मंडळींना हे नाव विचारून पाहा. दहातल्या नऊ जणांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे हे जरा जास्त लागते. लकी अलीच्या अल्बमांची नावेच पाहा : ‘सुनो’, ‘सिफर’, ‘अक्स’. ‘सिफर’ आला तेव्हा अनेकांना तो एखादा गूढ, आध्यात्मिक शब्द वाटला. आमच्याकडे तो रोज गणिताच्या तासाला फळ्यावर असतो. सिफर म्हणजे शून्य! इंग्रजीतला ‘झिरो’ही याच अरबी शब्दाची शाखा. ज्यांनी तारुण्यात ‘सिफर’ची कॅसेट झिजवली त्यांतलेच काही पालक आज आम्हांला विचारतात की उर्दू शाळेत मुलाला घालून काय मिळणार. मुलाला ‘सिफर’चा अर्थ कळेल, एवढे तरी मिळेल, असे उत्तर ओठांवर येते, देत नाही, कारण प्रश्न भाकरीचा असतो आणि तो खोटा नसतो.

या गाण्यांची भाषा अवघड नाही. बोलण्यातली, रस्त्यावरची, सगळ्यांना कळणारी उर्दू आहे ती. म्हणूनच तिला कुणी उर्दू म्हणत नाही. २००२च्या ‘सुर’ चित्रपटात लकी अली आपल्याच शिष्येवर जळणाऱ्या संगीतशिक्षकाच्या भूमिकेत आहे. (शिक्षकाने एकदा पाहावा असा चित्रपट आहे.) त्यातल्या ‘आ भी जा’ला सूर एम. एम. क्रीम यांचे आणि शब्द निदा फाजली यांचे. निदासाहेब निदान मुशायऱ्यांमुळे माहीत होते. ‘कहो ना प्यार है’ने २००० साली लकी अलीचा आवाज घराघरांत नेला, त्यातले ‘ना तुम जानो ना हम’ लिहिणारे इब्राहीम अश्क तेवढेही नशीबवान ठरले नाहीत. जानेवारी २०२२मध्ये कोरोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले, तेही आमच्याच ठाणे जिल्ह्यातल्या मिरा रोडला. ज्यांच्या शब्दांवर आमची पोरे गिटार शिकली, तो शायर आमच्याच जिल्ह्यात गेला आणि पोरांच्या गप्पांत त्याची बातमीही झाली नाही.

गिटारच्या क्लासात गाण्याचा कागद वाटतात. वर गाण्याचे नाव, त्याखाली लकी अली, मग शब्दांच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत कॉर्ड्स. सय्यद असलम नूर किंवा इब्राहीम अश्क लिहायला त्या कागदावर एक ओळ पुरते.